नळीतून तार ओढताना

(द्वितीय वर्ष, कला)

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. वर्गातल्या एका मित्राने तर स्पष्टच विचारले, "अरे, कविता लिही, नाही तर प्रवासवर्णन लिही. हे काय काढलेस?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु जे डोळ्यांनी पाहिले, हातांनी केले आणि ज्यात एकदा चांगलाच चुकलो, तेच आपल्याला नीट सांगता येईल, असे वाटल्यावरून हा विषय निवडला.

माझे मामा श्रीगोंद्यात वायरिंगचे काम करतात. परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली त्यांची कित्येक वर्षे गेली. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत. दहावीच्या सुट्टीपासून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे फीचे पैसे जमवण्याची वाट घरातल्यांना जशी ठाऊक होती तशी मला दाखवण्यात आली, आणि ती वाट मामांच्या हत्यारांच्या पिशवीतून गेली. या कामाचा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे व त्याचे सरकारी नाव ‘तारतंत्री’ असे आहे, हे मला पुढे कळले. मामांना हा शब्द सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "नाव चांगलं हाय. पर तार वडायला नाव लागत न्हाई."

काम कोणते?

जुन्या घरांत विजेच्या तारा भिंतीवरून उघड्या गेलेल्या दिसत. लाकडी पट्टी ठोकायची आणि तीवर पत्र्याच्या क्लिपांनी तार बसवायची, अशी ती पद्धत होती. तार बिघडली तर ती कोठे आहे हे डोळ्यांना दिसे. आता नवे घर बांधणारा प्रत्येक जण ‘कन्सिल फिटिंग’ मागतो. तार भिंतीत, वर गिलावा, त्यावर रंग. बाहेर दिसते ते फक्त बटणांचे बोर्ड.

याकरिता आधी भिंतीत आणि स्लॅबमध्ये पीव्हीसीच्या नळ्या टाकून ठेवतात. कारागीर त्यांना नुसते ‘पाइप’ म्हणतात. बाजारात त्या तीन मीटर लांबीच्या मिळतात. स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट पडण्यापूर्वी या नळ्या सळईला बांधायच्या. भिंतीत कटरने झिऱ्या मारून त्यात बसवायच्या. गिलावा सुकल्यावर, म्हणजे काही आठवड्यांनी, त्यांतून तारा ओवायच्या. स्लॅब पडला की नळीचा रस्ता कायमचा ठरला. त्यानंतर कारागिराच्या हातात उरते ते एवढेच: ज्या नळीच्या आत काय आहे ते दिसत नाही, तिच्या एका तोंडातून तार घालायची आणि दुसऱ्या तोंडातून सहीसलामत बाहेर काढायची.

दोन-तीन मीटरचा प्रश्न असेल तर पोरसुद्धा हे करील. नळी लांब असली, मध्ये वळणे असली, म्हणजे खरी परीक्षा असते.

आधी दोरा, मग दोर

तार स्वतः लांब नळीत शिरत नाही. ती मऊ असते, पहिल्याच वळणावर अडते. म्हणून प्रथम पोलादी किंवा नायलॉनची चपळ पट्टी आत सारतात. आमच्याकडे तिला ‘स्प्रिंग’ म्हणतात. ती पलीकडे निघाली की तिच्या टोकाला तारा बांधून ती मागे ओढायची. नळी फारच लांब असेल तर स्प्रिंगने आधी नायलॉनची दोरी घ्यायची आणि दोरीने तारा घ्यायच्या. मामा तर कधीकधी नळ्या जोडतानाच प्रत्येक तुकड्यातून दोरी ओवून ठेवतात.

स्वामी विवेकानंदांच्या ‘राजयोग’ या ग्रंथात एक गोष्ट आहे. राजाने आपल्या प्रधानाला उंच मनोऱ्यात कोंडले. प्रधानाच्या सांगण्यावरून त्याची बायको रात्री एक भुंगा, थोडा मध, रेशमाचा धागा, सुतळी आणि दोरखंड घेऊन आली. भुंग्याला रेशमाचा धागा बांधला, त्याच्या तोंडापुढे मधाचा थेंब लावला आणि त्याला भिंतीवर वरच्या दिशेने सोडले. मधाच्या वासाने भुंगा वर चढला. धाग्याने सुतळी आली, सुतळीने दोर आला आणि दोराने प्रधान खाली उतरला. स्वामीजींनी ही गोष्ट प्राणायाम समजावण्यासाठी सांगितली आहे. मला मात्र ती वाचताना मामांची स्प्रिंग आठवली.

असाच प्रकार अमेरिकेत प्रत्यक्ष घडला. १९७१ साली इलिनॉय राज्यातल्या अणुकणांवर संशोधन करणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लांबच लांब नळ्यांमध्ये धातूचा कीस राहिला होता. तो काढण्यासाठी फेलिशिया नावाची एक फेरेट, म्हणजे आपल्या मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी, दोरी घेऊन नळ्यांतून पळवण्यात आली. मग त्या दोरीने साफसफाईचा बोळा ओढून घेतला. तात्पर्य, हलके आधी पाठवावे आणि त्याच्या मागून जड न्यावे, ही युक्ती श्रीगोंद्यात आणि इलिनॉयमध्ये एकच आहे.

डोके बांधणे

स्प्रिंगला तारा जोडतात त्या गाठीला आम्ही ‘डोके’ म्हणतो. बहुतेक तारा अडकतात त्या डोके वाईट बांधल्यामुळे. सर्व तारांची टोके एकाच ठिकाणी सोलून एकत्र पिळली तर जाड गाठोडे तयार होते व ते वळणावर रुतते. म्हणून टोके पायरीपायरीने लांब-आखूड ठेवायची, एकेका तारेचे तांबे स्प्रिंगच्या कडीत अडकवून मागे मुडपायचे आणि वर चिकटपट्टी अशी गुंडाळायची की पुढचा भाग निमुळता राहील. प्रत्येक तारेवर सारखा ताण यायला हवा. एकच तार कडीत धरली गेली तर सगळा भार तिच्या एकटीच्या अंगावर पडतो.

हा भार किती चालतो, यालाही मर्यादा आहे. तांब्याच्या तारेसाठी ओढण्याची मर्यादा दर चौरस मिलीमीटरला साधारण ५० न्यूटन धरतात. दुकानात जिला ‘चार एमएम’ म्हणतात, त्या चार चौरस मिलीमीटरच्या तारेला हा हिशेब २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोचा येतो. वीस किलो म्हणजे काही फार नव्हे. धान्याचे अर्धे पोते उचलणारा कोणीही माणूस पाय रोवून त्याहून जास्त जोर लावू शकतो. म्हणून तारेला खरी भीती ओढणाऱ्याच्या दंडाची असते.

नळीत किती तारा भराव्यात, याचेही माप आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत तीन किंवा अधिक तारांनी नळीच्या आतल्या क्षेत्रफळाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये, असा नियम आहे. मामा असे काही मोजत नाहीत. "पाइपात तारेला कूस बदलायला जागा पाहिजे," एवढेच ते सांगतात. आणि एकदा भरलेल्या नळीत मागाहून एखादी तार घुसवायला ते कधीच तयार होत नाहीत. नवी तार जुन्या तारांवरून घासत जाते आणि त्यांची कातडी कापते. वाढवायची असेल तर सगळ्या बाहेर काढून एकदमच ओढायच्या.

ओढणारा आणि सोडणारा

या कामाला दोन माणसे लागतात. एक ओढणारा, दुसरा सोडणारा. पाहणाऱ्याला वाटते की ओढणारा हाच खरा कामकरी. मलाही तसेच वाटे. पण मामा नेहमी सोडण्याच्या बाजूला स्वतः बसतात आणि ओढण्याच्या बाजूला मला पाठवतात.

सोडणाऱ्याने नव्वद मीटरचे बंडल उलगडताना ते फिरवत सोडायचे असते. नुसते कडेने वेढे उचलले तर प्रत्येक वेढ्यागणिक तारेत पीळ पडतो आणि तो पीळ नळीत जाऊन गुंता होतो. तारा एकमेकींवर न चढतील अशा बोटांत वेगळ्या धरायच्या, त्यांवर शंखजिऱ्याची पूड लावायची आणि ओढ जाणवली की त्याच क्षणी आत ढकलायचे. तेल किंवा ग्रीस लावायचे नाही. त्याने तारेवरचे आवरण काही काळाने खराब होण्याची भीती असते.

दोघे एकमेकांना दिसत नाहीत. एक खालच्या मजल्यावर, दुसरा वरच्या. मध्ये असतो तो आवाज. "घे!" म्हटले की ओढायचे. "थांब!" म्हटले की हात जागच्या जागी थांबला पाहिजे. "सोड!" म्हटले की थोडे परत द्यायचे. तार अडली तर जोर करायचा नाही. हातभर मागे द्यायची, सोडणाऱ्याने पुन्हा ढकलायची, ओढणाऱ्याने हलक्या हाताने घ्यायची. ज्या भाषेत फक्त तीन क्रियापदे आहेत आणि तिन्ही आज्ञार्थी, अशी ही मला माहीत असलेली एकमेव भाषा. पण त्या तिन्हींना ओढणाऱ्याने उत्तर द्यायचे असते, "घेतली", "थांबलो", "सोडली" असे. ते उत्तर न देणे हा या भाषेतला सर्वांत मोठा दोष.

माझी चूक

बारावीच्या परीक्षेनंतरची गोष्ट. एका दुमजली घराचे काम चालू होते. दाराजवळच्या मुख्य बोर्डापासून वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरापर्यंत पाणी तापवण्याच्या गिझरसाठी तारा न्यायच्या होत्या. अंतर सुमारे चोवीस मीटर. वळणे चार, सगळी काटकोनी. त्यांपैकी एक बोर्डाजवळ आणि तीन न्हाणीघराच्या बाजूला. फेज व न्यूट्रलच्या दोन तारा चार एमएमच्या, आणि अर्थची तार उघड्या तांब्याची. मामा खाली सोडायला, मी वर ओढायला.

शेजारच्या खोलीत फरशी कापण्याचे यंत्र चालू होते. अर्ध्यावर तार अडली. मामांनी खालून काहीतरी हाक दिली, ती मला नीट ऐकू आली नाही. मी पुन्हा विचारायला हवे होते. त्याऐवजी भिंतीला पाय लावला आणि एक हिसका दिला. तार सुटली आणि भराभर वर आली. आपल्या दंडात बळ आहे, असे वाटून मला त्या वेळी आनंदच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मेगर लावला. हे यंत्र तारेवर ५०० व्होल्टचा दाब देऊन तिचे आवरण धड आहे की नाही ते सांगते. निदान एक मेगओहम इतका रोध यायला पाहिजे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये काटा जवळजवळ शून्यावर गेला.

मामांनी विचारले, "काल जोर लावलास का?"

मी म्हणालो, "नाही, मामा."

त्यांनी पुढे काही विचारले नाही. तारा बाहेर काढायला लावल्या. लाल तारेवर बोटभर लांबीत आवरण सोलले जाऊन तांबे लकाकत होते. जिन्याजवळच्या जोडपेटीत शिरणाऱ्या नळीची कड धारदार राहिली होती. ती नळी आरीने कापली होती मीच, आणि कापल्यावर कानस फिरवायची राहिली होती तीही माझ्याकडूनच.

मामा म्हणाले, "बाळा, ही न्हाणीघराची तार हाय. तिथं माणूस वल्या पायानं उभं ऱ्हातं."

एवढेच. ओरडले असते तर बरे वाटले असते. दुपारी भाकरी खाताना मी खरे काय ते सांगितले. ते म्हणाले, "मला कालच कळलं व्हतं. तार झटक्यात गेली आन् तुझा आवाज काय आला न्हाई." तारेचे पैसे त्यांनी आपल्या मजुरीतून भरले.

त्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी होता. गळती झाली तर तो वीज तोडतो, हे खरे. पण तो वारंवार तुटू लागला की कंटाळून त्याला बगल देणारी घरेही मी पाहिली आहेत. भिंतीतली जखमी तार घरातल्या माणसांना दिसत नाही. ती पाहिलेला माणूस एकच असतो, आणि तो काम संपवून निघून गेलेला असतो.

वळणांचा हिशेब

त्याच दिवशी मामांनी बाजू बदलली. नळीची कड घासून गुळगुळीत केली, मला खाली बोर्डापाशी ओढायला बसवले आणि स्वतः न्हाणीघरातून तारा सोडू लागले. तीच नळी, तितकीच वळणे. पण तारा अशा आल्या की जणू कोणी आतून हात देत आहे. हे कसे झाले, ते मला तेव्हा कळले नाही. मामांचे उत्तर होते, "वळणं पयली घ्यावी, सरळ वाट मागनं."

कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात घर्षणाचे प्रकरण चाळताना याचा उलगडा झाला, आणि त्याचे उदाहरण आपल्या तालुक्यातच निघाले. काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात खिल्लारी बैलाला एक किरकोळ पोरगा धरून उभा असतो. कसा? कासऱ्याचे दोन वेढे तो खुंट्याला देतो व टोक हातात धरतो. अठराव्या शतकातील स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर याने या गोष्टीचे गणित मांडले. दोर एखाद्या वस्तूला जसजसा जास्त वळसा घालतो, तसतसा ताण गुणाकाराने वाढतो. लाकूड व दोर यांचा घर्षणांक ०.३ धरला तर दोन पूर्ण वेढ्यांना हे प्रमाण सुमारे ४३ पट येते. पोराने एक किलोचा जोर धरला तर बैलाला त्रेचाळीस किलोचा जोर लावावा लागेल.

नळीतल्या वळणावर हेच घडते, फक्त येथे बैलाच्या जागी आपण असतो. घर्षणांक ०.४ धरला तर एका काटकोनी वळणावर ताण १.८७ पट होतो. दोन वळणांना साडेतीन पट, तिनांना साडेसहा पट आणि चारांना बारा पटींहून जास्त. वळणांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. अमेरिकन संहितेने ओढण्याच्या दोन जागांमध्ये एकूण ३६० अंशांपेक्षा, म्हणजे चार काटकोनांपेक्षा, जास्त वळण नको असे म्हटले आहे, त्याचे मर्म हेच असावे.

आता आमच्या नळीचा हिशेब करून पाहू. बंडलाची ओढ अर्धा किलो आणि सरळ भागातले घर्षण दोन किलो, असे हिशेबापुरते धरू. मी ओढत होतो तेव्हा पहिले वळण, मग सरळ वाट, मग तीन वळणे. अर्ध्या किलोचे पहिल्या वळणावर ०.९४ झाले, त्यात दोन मिळवून २.९४, आणि तीन वळणांनी त्याचे झाले सुमारे १९ किलो. म्हणजे एका तारेच्या मर्यादेच्या अगदी काठावर, आणि त्यात माझा हिसका! मामांच्या बाजूने पाहिले तर अर्ध्या किलोला तीन वळणे आधी लागली, झाले ३.३, सरळ वाटेचे दोन मिळवून ५.३, उरलेल्या एका वळणाने सुमारे १०. नुसती बाजू बदलल्याने जोर निम्म्यावर आला.

सोडणाऱ्याने हाताने तार पुढे देऊन अर्ध्या किलोची ओढ ०.२ वर आणली तर हेच दहा किलो सहावर येतात. पूड लावून घर्षण निम्मे झाले असे मानले तर शेवटी उरतात जेमतेम दोन किलो. एकोणीस किलो आणि दोन किलो! नळी तीच, तारा त्याच. माझ्या दंडाच्या बळाचा या हिशेबात कोठेच उपयोग नव्हता. ज्या टोकाला जोर दिसत नव्हता, त्या टोकाला सर्व काही ठरत होते.

हे आकडे मी कागदावर मांडून मामांना दाखवले. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "म्हंजे मी बराबर करत व्हतो?"

मी म्हणालो, "हो मामा, अगदी बरोबर."

"मग कागुद कशाला?" असे म्हणून त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. तो कागद त्यांच्या हत्यारांच्या पिशवीत अजून आहे.

समारोप

मित्रहो, या लेखातून घेण्यासारखे थोडे आहे ते असे. घर बांधत असाल तर स्लॅब पडण्यापूर्वी नळीची वळणे स्वतः मोजा. लांब वाटेवर मध्ये जोडपेटी ठेवायला सांगा, कारण पेटी आली की गुणाकार तेथे थांबतो आणि हिशेब नव्याने सुरू होतो. नळीच्या कडा घासल्या आहेत का, हे बोट फिरवून पाहा. गिलाव्यावर रंग देण्याआधी मेगर लावायला सांगा व काटा समोर उभे राहून पाहा. आणि कारागिराने एखादी तार बाहेर काढून पुन्हा ओढली तर ‘वेळ घालवतो’ असे म्हणू नका. तो तुमच्या ओल्या पायांचा विचार करत असेल.

राहता राहिली माझी गोष्ट. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिला, हे वर सांगितलेच आहे. येथे माझे नाव हजेरीपटात आहे, गुण माझ्या नावावर लागतात. पाहणाऱ्याला वाटावे की हा मुलगा स्वतःच्या जोरावर पुढे आला. पण नळीच्या दुसऱ्या तोंडाशी कोणीतरी बसलेले आहे आणि ओढ जाणवताच हातभर तार पुढे देत आहे, हे मला ठाऊक आहे. मला ते येथून दिसत नाहीत. म्हणून निदान हाकेला उत्तर तरी द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

घेतली, मामा.